सातवा रकाना

२०११ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हे चुकत नाही. निवडणूक आली, जनगणना आली, की खडू खाली ठेवायचा आणि दप्तर उचलायचं. माझ्या वाट्याला माझ्याच गावाचा खालचा भाग आला, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावाचा. अनुसूचीत सातवा प्रश्न धर्माचा होता. हिंदू १, मुसलमान २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. त्याला लागूनच आठवा प्रश्न, अनुसूचित जाती-जमातीचा. प्रशिक्षणात साहेबांनी दोनदा बजावलं होतं, की अनुसूचित जातीचा माणूस हिंदू, शीख किंवा बौद्धच असू शकतो. सातव्यात ३ लिहिलात तर आठव्यात अनुसूचित जात लिहायची नाही.

आमच्या चर्चच्या मागे चाळीसेक घरं आहेत. हरभरा काढायचे दिवस, माणसं संध्याकाळीच सापडायची. पहिल्या घरी मी कागद उघडला आणि धर्म विचारला. ज्या माणसाला खेटून बसून मी वीस वर्षं प्रभुभोजन घेतलं, तो खाली बघत म्हणाला, "हिंदूच टाका गुरुजी. तुमाले तं मालूम हाय." दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "पोराचं सर्टिफिकेट निघाचं हाय अजून." तिसऱ्या घरापासून मी विचारणंच सोडलं. भिंतीवर काट्यांचा मुकुट घातलेला प्रभू, त्याच्या खाली खाटेवर मी, आणि माझा पेन १ लिहीत चाललेला.

माझ्या स्वतःच्या घराचा कागद मी रात्री जेवण झाल्यावर भरला. बायको भांडी घासत होती, तिनं काही विचारलं नाही. मी १ लिहिला.

ख्रिस्ती माणसानं सचोटीनं आणि धैर्यानं जगावं यावर मी आजवर शे-दोनशे उपदेश ऐकले असतील. सिंहांच्या गुहेतला दानीएल, तापलेल्या भट्टीतले तिघे जण, कोंबडा आरवण्याआधी प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्र. पेत्राच्या गोष्टीला तर आमच्याकडे बायका डोळे पुसतात. पण तीन वेळा नाकारणं आणि सातव्या रकान्यात १ लिहिणं यांत काय नातं आहे, हे एकाही पाळकानं कधी विचारलं नाही. कसं विचारणार? त्याच्या पोराचाही दाखला निघायचाच असतो.

ज्यांना हा गुंता ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं कायद्याचं. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० ला निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं सांगितलं, की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. आदिवासींच्या यादीला ही अट नाही, म्हणून मेळघाटातला कोरकू ख्रिस्ती झाला तरी कागदावर कोरकूच राहतो. महार ख्रिस्ती झाला की महार राहत नाही, असं कायदा म्हणतो. आमचं गाव काही तसं म्हणत नाही. तीन पिढ्या झाल्या, आमच्या मोहल्ल्याचं नाव वरच्या आळीच्या तोंडी अजून जुनंच आहे.

गंमत अशी, की जातीचा दाखला काढायला तहसीलमध्ये गेलं की अनुसूचित जातीच्या माणसाला नेमका १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल. माझ्या बाबांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात आहे आणि पुढं जात लिहिली आहे, महार. आजोबांचा बाप्तिस्मा त्याच्या आधी चार-पाच वर्षं झालेला, मिशनच्या साहेबाच्या हातून, नदीवर, चारचौघांत. कोतवालाला तो ठाऊक नव्हता असं नाही. त्याच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं इतकंच. आज जात पडताळणी समितीपुढं आमच्या कामी येतो तो हाच कोतवाल.

न्यायालयांचं म्हणणंही एकदा नीट बघायला हवं. १९८५ मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्या अनुसूचित जातीच्या लोकांना सरकारनं फुकट टपऱ्या दिल्या होत्या, त्याला ख्रिस्ती म्हणून मिळाली नाही. न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीचे हाल तितकेच टिकून राहतात याचा पुरावा आमच्यापुढं नाही. २०१५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की ख्रिस्ती घरात जन्मलेला माणूस परत हिंदू झाला आणि जातीनं त्याला सामावून घेतलं, तर त्याची जात त्याला परत मिळू शकते. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात म्हणालं, की नेमानं चर्चला जाणाऱ्या माणसानं केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे.

तिन्ही निकाल एकापुढं एक ठेवा. ख्रिस्ती झालं की जात झोपी जाते, परत फिरलं की ती डोळे चोळत उठते, आणि मधल्या काळात ती जागी होती म्हणणारा लबाड. आमच्यावर आरोप असा असतो, की हे लोक आमिषाला भुलून बाटले. मिशनच्या काळात दुष्काळात धान्य मिळालं, दवाखाना मिळाला, शाळा मिळाली, हे मी नाकारत नाही. वाशीम आणि उमरीच्या मिशन दवाखान्यांची नावं घेणारी माणसं आमच्याकडे सगळ्या जातींत सापडतील. पण आजचा हिशोब मांडला तर आमिष कुठल्या बाजूला आहे? ख्रिस्ती म्हणवून घेतलं तर शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, सरपंचपदाचं आरक्षण गेलं, अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण गेलं. गप्प राहिलं तर सगळं शाबूत. प्रभूला नाकारण्याचा भाव सरकारनंच जाहीर करून ठेवला आहे. वर नाकारला की आम्हालाच फसवे म्हणायचं.

इथवर आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, कोणीही माझ्याशी सहमत होईल. पुढच्या बोलण्यावर भांडण होतं.

माझ्या आजोबांना एक धाकटे भाऊ होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. त्यांचा नातू, माझा चुलतभाऊ, शेजारच्या गल्लीत राहतो. त्यानं एकदा चहा पिता पिता मला सुनावलं. "आमच्या बुढ्यानं तवाच लिवून देल्लं, बौद्ध. सवलत जाईन म्हणून सगळे सांगत होते. गेली तं गेली. तुमी लोकं अजून लपून राह्यले."

मला ते लागलं, कारण खरं होतं. राज्य सरकारनं बौद्धांना सवलती तुलनेनं लवकर दिल्या, पण केंद्रानं १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, त्यांना अनुसूचित जातीत धरलं नाही. तरी १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात जेमतेम अडीच हजार असलेले बौद्ध १९६१ मध्ये २७ लाखांवर गेले. ही माणसं आमच्याइतकीच गरीब होती, त्याच वाड्यातली, त्याच विहिरीवरून हाकललेली. त्यांनी रकान्यात खरं लिहिलं आणि मग कायद्याशी भांडले. कायदा त्यांच्या मागून आला.

(जाता जाता एक आठवण. त्याच काळात हा भाग मध्य प्रदेशात होता आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला त्या सरकारनं नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. १९५६ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाचा दाखला धर्मांतराच्या विरोधात आजही दिला जातो. ते नियोगी त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. आपला धर्म आपण निवडायचा आणि उघड निवडायचा हे त्या माणसानं करून दाखवलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे, अहवालाबद्दल काहीही वाटो.)

चुलतभावाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. नंतर सुचलं ते असं. त्याच्या आजोबांबरोबर त्या मैदानावर लाखो माणसं होती, आणि पुढं उभा होता तो माणूस १९३५ मध्ये येवल्यात बोललेला शब्द एकवीस वर्षांनी पाळत होता. एका रात्रीत अख्खा वाडा बौद्ध झाला. कोण कोणाला वाळीत टाकणार? आम्ही चाळीस घरं, तीही एकेक करून आलेली. मिशनचे साहेब गेले तेव्हा मागं एक चर्च, एक पडका बंगला आणि कोर्टात लोंबकळणारी जमीन राहिली. आमच्यातला एखादा पोरगा उठून ३ लिहितो म्हणाला, तर त्याच्या मागं उभं राहायला कोण आहे?

माझा मुद्दा इथंच आहे. धैर्य ही एकट्यादुकट्याच्या छातीतली गोष्ट आहे असं समजून आम्ही उपदेश करतो, आणि मग ज्याच्या घरात सगळ्यात कमी दाणे आहेत त्याच्याकडून सगळ्यात मोठ्या धैर्याची अपेक्षा ठेवतो. ना. वा. टिळकांचं नाव मराठी ख्रिस्ती माणूस अभिमानानं घेतो, मीही घेतो. त्यांनी १८९५ मध्ये उघड बाप्तिस्मा घेतला, घर सुटलं, बायको काही वर्षं दुरावली. १९१७ मध्ये तर मिशनची पगाराची नोकरीही सोडून ते देवाचा दरबार उभा करायला निघाले. पण बाप्तिस्म्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत त्यांना धरून ठेवायला मिशन होतं, आणि पदरी विद्या होती जी कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईला टिळकांचं उदाहरण देणं सोपं आहे. देणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

वचनं म्हणाल तर माझ्याकडे दोन्ही बाजूंची पाठ आहेत, चाळीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली आहे. "तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे" हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं. आणि निर्गमच्या पहिल्याच अध्यायात त्या दोन सुइणी आहेत, ज्या फारोशी सरळ खोटं बोलल्या आणि देवानं त्यांचं कल्याण केलं. नामान सेनापती आहे, ज्यानं अलीशा संदेष्ट्याला विचारलं, की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढ्याची क्षमा होईल का? अलीशानं त्याला झापलं नाही, 'शांतीने जा' म्हणाला. नामानाच्या या प्रश्नावर माझा फार जीव आहे. तो निदान विचारतो तरी. आपण वाकतो आहोत हे त्याला ठाऊक आहे आणि ते संदेष्ट्यापुढं कबूल करायची त्याला लाज नाही. आम्ही वाकतो आणि रविवारी दानीएलाची गाणी म्हणतो.

पण सगळ्यात जास्त विचार मी केला तो पहिल्या ख्रिस्ती मंडळीतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोचा. जमीन विकली, पैशातला काही भाग मागं ठेवला, सगळा आणला असं सांगितलं आणि दोघंही जागच्या जागी कोसळली. खोट्याला इतकी कडक शिक्षा नव्या करारात दुसरीकडे मला आठवत नाही. ही गोष्ट आमच्याकडे दशांश चुकवणाऱ्यांना घाबरवायला सांगतात. तिच्या आधीचा अध्याय कोणी वाचत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लिहिलं आहे, की त्या मंडळीत कोणालाही उणं नव्हतं, ज्यांच्याकडे जमिनी किंवा घरं होती ते विकून पैसे आणत आणि ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वाटून देत. अशा मंडळीत खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं, म्हणून तिथलं खोटं इतकं जड ठरलं. आमच्या मंडळीला सप्पीरेला जाब विचारायचा असेल, तर आधी चौथा अध्याय जगून दाखवावा लागेल.

याचा अर्थ आम्हा सगळ्यांची सगळी खोटी माफ, असा नाही. कायद्यानं जे खोटं लादलं त्याच्या आडोशाला आम्ही कितीतरी हौसेची खोटी लपवली आहेत. मोहल्ल्यात जात तशीच आहे. महारातून आलेलं घर मांगातून आलेल्या घरात सोयरीक करत नाही, आणि व्यासपीठावरून 'ख्रिस्तामध्ये जात नाही' हे वाक्य दर महिन्याला ऐकू येतं. आमचंच हे वाक्य सरकारी वकील आमच्याविरुद्ध वापरतो, की बघा, यांच्यात जात नाही हे हेच सांगतात. कापसाचं घ्या. विकायच्या आदल्या रात्री गंजीवर पाणी मारायचं, म्हणजे वजन चढतं, आणि व्यापाऱ्यानं खेडा खरेदीत काटा मारायचा, म्हणजे ते उतरतं. दोघं एकमेकांना फसवतात आणि दोघंही हिशोब बरोबर झाला म्हणतात. पाणी मारणाऱ्यांत आमचे लोक आहेत, आणि काटा धरणाऱ्यांत आमच्या चर्चचे एक ज्येष्ठ कारभारीही होते, ज्यांच्या तोंडून "खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो" हे नीतिसूत्र मी स्वतः ऐकलं आहे.

माझ्या बाबांनी हयातीत कापसावर पाण्याचा थेंब मारला नाही. एका वर्षी सगळ्या गावाचा कापूस ओला असताना व्यापाऱ्यानं आमचाही ओला धरून भाव पाडला. बाबांनी कापसाचं एक बोंड त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "दाबून पाय." त्यानं दाबलं नाही आणि भावही वाढवला नाही. बाबा तेवढ्याच भावात विकून आले. त्याच बाबांनी मला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी धर्म न विचारताच 'हिंदू' लिहिलं, आणि बाबा पुढ्यात उभे राहून गप्प बसले. मी मोठा झाल्यावर विचारलं, तर म्हणाले, कापूस माझा होता, पोरगा तुझ्या आजीचा होता. आजी म्हणायची, पोराला मास्तर करा. त्या दाखल्यावर मी मास्तर झालो. छत्तीस वर्षं नोकरी केली, आता पेन्शन खातो. हे लिहिताना मला भीती वाटते. बायकोला जास्त वाटते, आणि तिनं हा लेख पाठवू नका असं सांगून झालं आहे.

तेव्हा हे सगळं मी तिऱ्हाइताच्या खुर्चीत बसून बोलत नाही. ज्याचं पोट त्या १ वर भरलं त्यानं कोवळ्या पोराला ३ लिही म्हणून सांगणं निर्लज्जपणा आहे. पण ज्याचं पोट भरलं आहे त्याच्याकडेच मंडळीनं आधी वळायला हवं, हेही मला कळतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर कापणीचा सण असतो. शेतातलं पहिलं आणून वेदीपुढं ठेवायचं, तूर, ज्वारी, भोपळा, कोंबडी, आणि उपासना संपली की चर्चच्या पटांगणात लिलाव. नोकरीवाली मुलं पुण्या-नागपूरहून येतात आणि चढाओढ लागते. मागच्या सणाला एक काटेरी वांगं साडेसहाशे रुपयांना गेलं. मीच घेतलं, खोटं कशाला बोलू, समोरच्याला हरवायचा जोर चढला होता. त्या दिवशी जमलेल्या पैशातून नवीन साउंड सिस्टीम आली.

पुढच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला. लिलावाचा निम्मा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. नोकरीत असलेल्यांनी आणि पेन्शनवाल्यांनी दर महिन्याला त्यात ठरावीक टाकावं, सुरुवात माझ्यापासून. जे मूल दाखल्यावर आणि अर्जावर ख्रिस्ती लिहील, त्याची बुडालेली फी आणि शिष्यवृत्ती त्या खात्यातून मंडळीनं भरून द्यावी. एका वर्षी एक मूल, जमलं तर दोन. आणि ज्यांना ते झेपत नाही त्यांना कोणी बोल लावायचा नाही. खजिनदार म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण साउंडवाल्याचा एक हप्ता बाकी आहे. एक तरुण म्हणाला, हे लेखी ठरावात आलं तर उद्या पडताळणी समिती आपलंच रजिस्टर मागेल. त्याचं बरोबर होतं. दोन तास चर्चा झाली आणि विषय पुढच्या वार्षिक सभेवर गेला.

माझ्या प्रस्तावातली भोकं मला दिसतात. दोन मुलांची फी भरून तिसरा परिच्छेद हटणार नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं तो काढून टाका असं २००७ मध्येच सांगितलं, २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. पण १९८५ चा प्रश्न अजून तसाच उभा आहे, पुरावा कुठं आहे? आणि पुरावा म्हणजे शेवटी आम्हीच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती शंभरात एकही भरले नाहीत. त्या आकड्यातून माझ्या मोहल्ल्यातली चाळीस घरं माझ्याच हातानं गळली. जे मोजलेच गेले नाहीत त्यांच्यावर जातीचा जुलूम होतो, हे कुठला आयोग कशावरून सिद्ध करणार?

म्हणून येत्या जनगणनेबद्दल तरी माझं म्हणणं ठाम आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि या वेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम वाचा. जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. प्रगणकानं फोडलं तर त्याच्यावर गुन्हा आहे. म्हणजे तिथं ख्रिस्ती सांगितल्यानं पोराच्या सर्टिफिकेटला कायद्यानं धक्का लागू शकत नाही. दाखल्याच्या वेळी आम्ही पोटासाठी वाकतो, ठीक, नामानासारखं निदान मान्य करू. पण दारात आलेल्या प्रगणकापुढं वाकायला कोणता राजा आमच्या हातावर टेकला आहे? २०११ मध्ये मला हे कलम ठाऊक होतं. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत गोपनीयतेवर अख्खं पान होतं आणि दारोदार मी ते वाचूनही दाखवायचो. तरी मी १ लिहिला. तिथं पोटाचा प्रश्नच नव्हता, नुसती सवय होती.

या वर्षी आमच्या शेजारच्या मुलाला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. जात वैधतेसाठी दक्षता पथकाचा माणूस घरी चौकशीला येणार असं कळलं. मुलाची आई वेचणीला जाते, किलोवर मजुरी. मी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, त्याला ख्रिस्ती लिहू द्या, फीचं मी बघतो. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. "तुमी देसान गुरुजी, मले मालूम हाय. तुमच्या मागं कोन देईन?" मंडळी देईल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि साउंड सिस्टीम आठवून मिटलं.

पथकाचा माणूस आला, पाणी प्याला, कोतवाल बुकाची नक्कल पाहिली. आदल्या रात्री तिनं भिंतीवरून प्रभूची तसबीर उतरवून जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. निळीच्या चुन्याची भिंत, बाकी सगळी चुलीच्या धुरानं काळवंडलेली, आणि मधोमध तसबिरीच्या मापाचा निळाशार चौकोन. पोराच्या शेवटच्या क्षणी ध्यानात आलं, तेव्हा त्यानं खताच्या दुकानाचं कॅलेंडर तिथं टांगलं. ते चौकोनाहून लहान होतं.

वैधता मिळाली. पोरगा कॉलेजात रुळला. नाताळला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा कॅलेंडर तिथंच होतं, चारही बाजूंनी बोटबोटभर निळं दिसत होतं. तसबीर अजून लावली नाही का, असं मी विचारलं. ती करंज्या तळत होती. "लहान्याचं व्हायचं हाय ना अजून," म्हणाली, "तो आत्ता आठवीत हाय."